जानेवारीची कवायत आणि हवेचे झाकण : सोलापुरातील एका शाळेचे प्रकरण

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला, वर्दळीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. प्रजासत्ताक दिनासाठी संचलन, लेझीम आणि सामूहिक कवायत यांचा सराव आमच्याकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी प्रार्थना होते आणि मुले तिथूनच मैदानावर जातात. या दिवसांत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे कवायतीच्या पहिल्या शिट्टीच्या वेळी ऊन जेमतेम भिंतीवर आलेले असते.

एका जानेवारीत, सराव सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, सातवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. मुलाला दम्याचा त्रास आहे हे आम्हाला ठाऊक होते. तिची तक्रार नव्हती, प्रश्न होता. ती म्हणाली, "सर, मे महिन्यात आमच्या गल्लीत एवढा धुरळा उडतो, तेव्हा ह्याला काही होत नाही. थंडीत मात्र सकाळी मैदानावरून आला की खोकतो, आणि दुपारी तोच मुलगा त्याच रस्त्यावर सायकल खेळतो तेव्हा चांगला असतो. असं का?"

शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली. कोणी म्हणाले, थंडीच बाधते. कोणी गड्ड्याच्या यात्रेतली धूळ आणि तेलकट खाणे यांकडे बोट दाखवले. कोणी औष्णिक वीज प्रकल्पाचे धुरांडे आठवले. थंड, कोरडी हवा दमेकऱ्याला त्रास देते हे खरेच आहे आणि पहिले उत्तर पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. पण आईच्या प्रश्नात एक नेमकी गोष्ट होती आणि ती या तिन्ही उत्तरांत सापडत नव्हती : रस्ता तोच, मुलगा तोच, बदलते ती वेळ. म्हणून हा प्रश्न मी नववीच्या वर्गात नेला. पुढे जे झाले ते प्रकरण म्हणून येथे नोंदवत आहे.

डोंगरातली शहरे काय सांगतात

हवेच्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा किती आणि हवामानाचा किती, हे समजून घ्यायचे तर दरीत वसलेल्या शहरांकडे पाहावे लागते, कारण तिथे दोन्ही गोष्टी इतक्या ठळकपणे समोर येतात की त्यांची गल्लत होत नाही. वर्गात सुरुवात मात्र मी जवळच्या उदाहरणाने केली. शाळेची सहल पाचगणीला गेली होती तेव्हा मुलांनी सकाळी कड्यावरून खाली पाहिले होते. वर स्वच्छ ऊन होते आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यात, वाईच्या बाजूला, धुक्याची पांढरी गादी अंथरलेली होती. तिचा वरचा काठ पट्टीने आखल्यासारखा सपाट होता. तो काठ म्हणजेच पाठ्यपुस्तकातली 'तापमानाची विपरीतता'.

एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, सरासरीने दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. गार हवा जड असल्यामुळे ती वर जाऊ शकत नाही, आणि तिच्यात सोडलेला धूरही वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे हे होते. दरीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते : उतारांवरची गार हवा रात्रभर खाली घरंगळत येते आणि तळाशी साचते. यांनाच पर्वतीय वारे म्हणतात. त्यामुळे दरीतले झाकण सपाट प्रदेशातल्यापेक्षा जाड आणि चिवट असते, आणि चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे धुराला बाजूनेही वाट मिळत नाही. सिमला धारेवर वसले असल्यामुळे त्याच्या वाट्याला हे फारसे येत नाही. काठमांडू खोऱ्याच्या तळाशी आहे.

काठमांडूचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि भोवतालचे फुलचोकी, शिवपुरी यांसारखे डोंगर २,७०० मीटरहून उंच आहेत. हिवाळ्यात तिथल्या प्रदूषणाचा दिवसभराचा आलेख काढला तर त्यात दोन शिखरे दिसतात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. वाहतूकही त्याच वेळी वाढते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की सारा दोष गाड्यांचाच आहे. पण दुपारीही रस्ते भरलेले असतात आणि तरी हवा सुधारते, कारण ऊन तापल्यावर झाकण उचलले जाते आणि पश्चिमेकडच्या खिंडींतून आलेला वारा खोरे झाडून काढतो. तिथल्या संशोधनातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. रात्री उतारांवरून आलेली गार हवा खाली शिरते तेव्हा आदल्या संध्याकाळचा धूर थोडा वर ढकलला जातो, आणि सकाळी ऊन लागून हवा घुसळू लागली की तोच धूर पुन्हा खाली उतरतो. शाळेत निघालेले मूल त्या घडीला आजच्या गाड्यांचा आणि कालच्या गाड्यांचा असा दोन्हींचा धूर श्वासात घेत असते. त्यातच वीटभट्ट्याही हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांतच पेटतात. २०२१ च्या मार्चअखेरीस जंगलातल्या वणव्यांचा धूर खोऱ्यात कोंडला, तेव्हा नेपाळ सरकारला चार दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

उंचीचा इंजिनावरही परिणाम होतो. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे आणि तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत एक पंचमांशाहून अधिक कमी असतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने जुळवलेली जुनी कार्ब्युरेटरची इंजिने तिथे इंधन पुरते जाळू शकत नसत आणि कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळालेले इंधन बाहेर टाकत. शिवाय चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये रेटावी लागते आणि उताराला ब्रेक झिजून त्यांची पूड उडते. डोंगरातल्या रस्त्याचा प्रत्येक किलोमीटर हवेला अधिक महाग पडतो.

उपायांच्या बाबतीतही या शहरांनी बरेच काही करून पाहिले आहे. मेक्सिको सिटीने नोव्हेंबर १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवण्याचा नियम आणला. नंतरच्या अभ्यासांत त्यामुळे हवा सुधारल्याचे दिसले नाही. पुष्कळ कुटुंबांनी बंदीच्या दिवसासाठी दुसरी गाडी घेतली, आणि ती बहुधा जुनी असे. काठमांडूने १९९९ मध्ये डिझेलवर चालणारे 'विक्रम' टेम्पो खोऱ्यातून हटवले आणि बॅटरीवर चालणाऱ्या 'सफा टेम्पो'ला वाव दिला. तिथे गाड्यांची संख्या मोजण्यापेक्षा सर्वांत घाण धूर ओकणारी गाडी शोधली गेली, आणि मला हा विचार अधिक शहाणपणाचा वाटतो. कोलंबियातील मेडेयीन शहर अबुर्रा नदीच्या अरुंद दरीत आहे. तिथे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात खालचे ढग ऊन अडवतात, जमीन तापत नाही आणि झाकण दिवसभर उचलले जात नाही. म्हणून प्रशासन वर्षभर सारखाच नियम लावत नाही, त्या आठवड्यांत निर्बंध कडक करते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत हिवाळ्यात हे झाकण कधीकधी अनेक दिवस हलत नाही. तिथल्या शाळांना, हवा बिघडलेली असेल त्या दिवशी मधल्या सुट्टीतले खेळ मैदानाऐवजी आत घ्यावेत, असे मार्गदर्शन दिलेले असते. आमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचा धागा हाच होता.

आमच्या मैदानावर काय दिसले

सोलापूर सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि त्याच्या भोवती डोंगराची भिंत नाही. तेव्हा मुलांनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता : "सर, आपल्याकडे दरीच नाही, मग झाकण कुठून येणार?" उत्तर त्यांनी स्वतःच शोधावे असे मला वाटले. उपकरण आमच्याकडे नव्हते, म्हणून धुरालाच उपकरण केले.

नाक्यावर चहाची एक टपरी आहे, पलीकडे पाव भाजणारी भट्टी आहे आणि मैदानाच्या कोपऱ्यात रोज सकाळी पालापाचोळा पेटवला जातो. पाच विद्यार्थ्यांच्या गटाने आठ दिवस सकाळी सव्वासातला, दहाला आणि दुपारी एकला या तीन ठिकाणचा धूर कसा वागतो याची चित्रे काढली. सकाळच्या चित्रांत धूर थोडा वर चढून दुमजली घराच्या उंचीवर आडवा पसरलेला होता, एखादे धोतर वाळत घालावे तसा. दहाच्या चित्रांत तो वेडावाकडा वर जात होता. एकच्या चित्रात चार बोटांवर धूर दाखवून पुढचा कागद कोरा ठेवला होता, कारण तो वर जाऊन दिसेनासा होत होता. या चित्रांनंतर दरीशिवायही झाकण असते हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

सोलापूरच्या जानेवारीत त्याला लागणारे सारे घटक हजर असतात : निरभ्र आकाश, कोरडी हवा, पडलेला वारा आणि रात्री झपाट्याने निवणारी जमीन. गणित सोपे आहे. समजा, सकाळी धुराला वावरायला २०० मीटर उंचीचीच जागा आहे आणि दुपारी १,५०० मीटरची आहे, तर तेवढ्याच गाड्यांचा तेवढाच धूर सकाळी साडेसात पट दाट असेल. दुसऱ्या गटाने शाळेच्या फाटकासमोरून जाणारी वाहने मोजली. अकरा वाजता ती सकाळी सव्वासातपेक्षा उघडच जास्त होती. गाड्या कमी असतानाची हवा वाईट आणि गाड्या जास्त असतानाची हवा बरी, ही काठमांडूच्या आलेखातली गोष्ट आमच्या फाटकासमोर उभी होती.

तरीही हे सारे हवामानाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. झाकण धूर निर्माण करत नाही. सकाळी सात ते आठ या वेळेत आमच्या फाटकाशी काय गोळा होते ते पाहिले पाहिजे. पालकांच्या दुचाकी एक-दोन किलोमीटरवरून येतात. इंजिन आणि सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि एवढ्याशा अंतरात तो तापतच नाही, म्हणजे शाळेपर्यंतचा जवळजवळ सारा प्रवास शुद्ध न झालेल्या धुराचा असतो. रिक्षा फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात. विचारल्यावर एका रिक्षावाल्या काकांनी प्रामाणिकपणे सांगितले, "थंडीत बंद केली की लवकर लागत नाही सर, म्हणून चालूच ठेवतो." याच वेळी रस्ता झाडला जातो आणि आदल्या दिवशी चाकांखाली दळलेली माती पुन्हा हवेत उठते.

यात भर पडते ती हंगामाची. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि धुळे-विजयपूर महामार्ग सोलापुरात एकमेकांना भेटतात, त्यामुळे जड वाहनांची ये-जा बाराही महिने असते. पण ऊस भरलेले ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतात. काही शिवारांत पाचट पेटवले जाते तेही याच काळात. काठमांडूच्या वीटभट्ट्या आणि आमचा गळीत हंगाम यांचे हे साम्य माझ्या आधी लक्षात आले नव्हते. ज्या महिन्यांत हवेची धूर वाहून नेण्याची ताकद सर्वांत कमी, नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही तिच्यावर सर्वांत जास्त भार टाकतो.

धुरांड्याबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. उंच धुरांड्यातून रात्री निघणारा धूर बहुतेक वेळा या झाकणाच्या वर सोडला जातो. तो दूर जातो आणि सकाळी हवा घुसळू लागली की कुठेतरी खाली उतरतो, म्हणून त्याला निर्दोष म्हणता येत नाही. परंतु साडेसातला मैदानावर लेझीम खेळणाऱ्या मुलाच्या नाकाशी असलेला धूर हा मुख्यतः गुडघ्याच्या उंचीवरच्या सायलेन्सरचा आणि कोपऱ्यातल्या पाचोळ्याचा असतो. मोठ्या धुरांड्याकडे पाहताना आपल्या पायाशी असलेला धूर आम्हाला इतकी वर्षे दिसला नाही, याचे मला वाईट वाटते.

आईच्या प्रश्नाचा उरलेला भागही आता सुटतो. मे महिन्यातला धुरळा डोळ्यांना दिसतो, कारण त्याचे कण मोठे असतात, आणि मोठे कण बरेचसे नाकाघशातच अडतात. दुपारच्या उन्हाने हवा खूप उंचीपर्यंत घुसळलेली असल्यामुळे धुराचे कणही विरळ होतात. थंडीतल्या सकाळी कोंडलेले असतात ते पीएम २.५ प्रकारचे सूक्ष्म कण. त्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो आणि ते थेट फुप्फुसाच्या खोल कप्प्यांत पोचतात. त्यातच कवायतीमुळे श्वास कित्येक पटींनी वाढतो आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते, म्हणजे नाकाची चाळणीही बाजूला राहते. आपण मुलांना सर्वांत वाईट तासाला सर्वांत खोल श्वास घ्यायला लावत होतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके पूर्ण न करणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. त्या कार्यक्रमाचे यश वर्षाच्या सरासरीवर मोजले जाते, आणि पीएम २.५ साठी आपले राष्ट्रीय मानक २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. शहराची वाटचाल कळण्यासाठी सरासरी हवीच. पण मूल सरासरी हवा श्वासात घेत नाही, ते सात वीस ते आठ या चाळीस मिनिटांची हवा घेते, आणि दुपारची स्वच्छ हवा त्या चाळीस मिनिटांना आकड्यांत झाकून टाकते. शाळांसाठी तासातासाची नोंद पाहण्याची सवय लागली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

काय ठरले

मुलांनी धुराची चित्रे, वाहनांची मोजणी आणि काठमांडूचा आलेख असे तिन्ही मिळून मुख्याध्यापिका बाईंपुढे ठेवले. चर्चा सोपी झाली नाही. क्रीडाशिक्षकांचा मुद्दा असा की दहाच्या उन्हात मुले थकतात आणि अभ्यासाचे तास मोडतात. तो खोटा नव्हता. पण जानेवारीतले दहाचे ऊन एप्रिलचे नसते, हे त्यांनाही मान्य होते. शेवटी कवायतीचा तास प्रार्थनेनंतर न ठेवता तिसऱ्या तासिकेनंतर, म्हणजे साडेनऊच्या पुढे ठेवावा आणि बुडणारी तासिका सकाळी सात वीसला वर्गात घ्यावी, असे ठरले. पाचोळा जाळणे त्याच दिवशी थांबले आणि मैदानाच्या मागे खतासाठी खड्डा खणला गेला. रिक्षा आता फाटकाऐवजी आतल्या गल्लीत, कडुनिंबांच्या रांगेजवळ, इंजिन बंद करून उभ्या राहतात. ज्यांची गाडी थंडीत लागत नाही त्यांना पाच मिनिटे उशिरा येण्याची मुभा दिली. रस्ता झाडण्याची वेळ बदलावी यासाठी पालकांनी अर्ज दिला, पण झाडलोट अजून सकाळीच होते.

या उपायाला यश येण्याचे कारण आमच्या भूगोलात आहे. सोलापूरला भिंती नाहीत, त्यामुळे इथले झाकण हिवाळ्यात बहुतेक दिवशी ऊन चढल्यावर दोन-तीन तासांत फुटते आणि पठारावरचा वारा धूर घेऊन जातो. म्हणून इथे घड्याळाचा काटा पुढे सरकवणे हे औषध ठरते. सॉल्ट लेक सिटीत किंवा मेडेयीनमध्ये कवायत सातऐवजी दहाला घेतली तरी झाकण त्याच जागी असेल. तिथे गाड्याच बदलाव्या लागतात, रस्त्यावरची गर्दी वेगळ्या मार्गाने हलवावी लागते. बोलिव्हियातील ला पाझ शहराने २०१४ पासून डोंगरउतारांवरून सार्वजनिक रज्जुमार्ग धावते केले ते याच वाटेने. आम्हाला निसर्गाने एक सवलत दिली आहे आणि ती वापरायला खर्चही येत नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे न वापरल्याचे मला अधिक लागते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला तो मुलांच्या झोपेसाठी. हिवाळ्यात तो त्यांच्या फुप्फुसांनाही उपकारक आहे.

त्या जानेवारीत सातवीतला तो मुलगा लेझीमच्या पथकात शेवटपर्यंत होता. त्यावरून मी कोणतेही वैद्यकीय अनुमान काढत नाही, कारण त्याच आठवड्यात त्याचे औषधही बदलले होते. त्याची आई मात्र पुन्हा एक प्रश्न घेऊन आली आहे. झाकण सूर्यास्तानंतर पुन्हा बसू लागते, त्याच वेळी नाक्यावर संध्याकाळची गर्दी असते, आणि आमचा कबड्डीचा सराव सहाला सुरू होतो. तो साडेचारला घ्यावा असे मी क्रीडाशिक्षकांना सुचवले आहे. मैदान त्या वेळी दुपारच्या सत्राकडे असते, म्हणून दोन्ही सत्रांच्या शिक्षकांची बैठक ठरली आहे, आणि धुराची संध्याकाळची चित्रे काढायला या वेळी आठवीचा वर्ग बसतो आहे.